क्लाऊन लोच दिवसभर आडवा पडून असतो, आजारी आहे का?

पाणवेडी: नमस्कार मंडळी, दीड महिन्यापूर्वी नवीन झाडांबरोबर माझ्या माशांच्या टँकमध्ये बारक्या गोगलगायी आल्या आणि बघता बघता काचभर झाल्या, तर दुकानदार म्हणाला क्लाऊन लोच मासे घेऊन जा ताई, फडशा पाडतील, म्हणून तीन आणले, बोटाएवढे, केशरी अंगावर काळे पट्टे, फार गोड दिसतात. गोगलगायी खरंच संपल्या, वाळूवर नुसते रिकामे शंख उरलेत. पण त्यातला एक दिवसभर लाकडाखाली कुशीवर पडून असतो. सासूबाई म्हणाल्या गेला बिचारा, मी जाळी घेऊन गेले तर टुणकन उठून पळाला! खाताना टक टक आवाज पण काढतात. आणि कालपासून शेपटीवर मीठ भुरभुरल्यासारखं दिसतंय. टँक २ फुटी, पाणी २५ अंश. काय करू?

गाळातला_मासा: आडवं पडण्याचं टेन्शन घेऊ नका, यांची झोपायची तऱ्हाच ती. आमचा एक दोन दगडांच्या फटीत उलटा घुसून झोपायचा, घरी आलेला प्रत्येक पाहुणा हळहळून जायचा. आवाज पण नॉर्मल, खाताना नाहीतर आपसात भांडताना काढतात. पण ते मीठ म्हणजे व्हाइट स्पॉट, बारीक परजीवीचा रोग, आणि तो क्लाऊनला सगळ्यात आधी धरतो. हीटर रोज एक-दोन अंशाने वाढवत ३० वर न्या, एअर पंप जोरात ठेवा कारण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो. व्हाइट स्पॉटचं औषध पण घाला, पण ठिपका अंगावर असेपर्यंत ते त्याला लागतच नाही, तो गळून तळाला पडतो, तिथे त्याची पिल्लं सुटतात, ती पोहत असतात तेव्हाच मरतात. म्हणून ठिपके गेले की लगेच औषध बंद करायचं नाही, पुढे आठवडाभर तरी चालू ठेवा.

रविवारचा_बादलीवाला: वरच्याशी सहमत, फक्त औषध अर्ध्या डोसने सुरू करा. याचे खवले इतके बारीक की नसल्यातच जमा, बाटलीवरचा पूर्ण डोस सोसत नाही, मी एकदा घाईत घातला आणि सकाळी दोन गेले होते. आणि जाळी शक्यतो नकोच, डोळ्याखाली काटा असतो तो घाबरला की बाहेर काढतो आणि जाळीत असा अडकतो की ओढलं तर माशाला इजा. अडकलाच तर सरळ जाळी कात्रीने कापा, जाळी ५० रुपयांत येते.

कृष्णाकाठ: कुणी बोलत नाहीये म्हणून मी वाईट होतो. ताई, हा मासा बोटाएवढा राहत नाही. टँकमध्ये हळू वाढतो पण ८-१० इंच होतो, सुमात्रा-बोर्निओच्या नद्यांत फूटभर, आणि नीट सांभाळला तर २० वर्षं सहज जगतो. शिवाय कळपातला आहे, पाच-सहा तरी लागतात, म्हणजे ५-६ फुटी टँक. २ फुटीत नाही जमणार. मूठभर गोगलगायींसाठी वीस वर्षांचा पाहुणा गळ्यात मारला तुमच्या त्या दुकानदाराने! घरच्या टँकमध्ये हे अंडी घालत नाहीत, तिकडे पावसात पूर आला की पिल्लं होतात, बाजारातले बरेचसे तिथूनच पकडून आलेले.

आपल्याकडचा झेब्रा लोच, बोटिया स्ट्रायाटा, तीन-चार इंचावर थांबतो आणि गोगलगायी पण खातो, पण तो फक्त सह्याद्रीतल्या नद्यांतला आणि आययूसीएन या निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत धोक्यात आहे. म्हणून तोही घ्या असं माझ्याच्याने सांगवत नाही.

पाणवेडी: सगळ्यांचे आभार. आज पाचवा दिवस, ३० अंश, अर्धा डोस, शेपटीवर आता दोनच ठिपके उरलेत. ५ फुटी टँकचं घरी अजून बोलले नाहीये, दिवाळी बोनसची वाट बघतेय. सासूबाई मात्र आता रोज संध्याकाळी खुर्ची घेऊन समोर बसतात आणि तो आडवा झाला की मला हाक मारून सांगतात, झोपला गं.