स्वतःच्या पात्राचे हलते स्टिकर: 500 केबीत बसत नाहीत, कडाही पांढऱ्या दिसतात

रेघोट्या:
चष्मा, विस्कटलेले केस, एक भुवई कायम वर, अशा पात्राचे आठ हलते स्टिकर व्हॉट्सअ‍ॅपसाठी केलेत: ‘हो का?’, ‘बघू’, ‘आलोच’, ‘चर्चा नको’ वगैरे. प्रत्येक 4 सेकंदांचा, सेकंदाला 24 फ्रेम. जिफवरून वेबपी (व्हॉट्सअ‍ॅप स्टिकरला लागणारा चित्राचा फाइल प्रकार) केलं की 1.3 एमबी होतं, मर्यादा मात्र 500 केबीची आहे. क्वालिटी 20 वर आणली तर चेहऱ्यावर चौकोन उमटतात. डार्क मोडमध्ये कडेला पांढरे ठिपके दिसतात. फोटोशॉपमध्ये ‘चर्चा’तला रफारही सुटा पडतो. हेच स्टिकर टेलिग्रामवर चालतील का?

फ्रेमवाला:
क्वालिटीला हात लावू नका, फ्रेम कमी करा. तुमच्या 96 फ्रेम आहेत, म्हणजे एका फ्रेमच्या वाट्याला जेमतेम 5 केबी. वेबपीमध्ये प्रत्येक फ्रेमला वेगळा वेळ देता येतो, त्यामुळे थांबलेल्या पोजला एकच फ्रेम पुरते.

‘हो का?’ असा बसवून बघा: भुवई वर, 900 मिलिसेकंद. खाली येताना 3 फ्रेम, प्रत्येकी 80. साधा चेहरा 500. पापण्या मिटायला 2 फ्रेम आणि भुवई वर जायला 3, प्रत्येकी 60. एकूण 10 फ्रेम, साधारण 2 सेकंद. सुरुवात वर गेलेल्या भुवईनेच करा. स्टिकर हलत नसेल तिथेही अर्थ कळतो.

धड, केस, चष्मा अजिबात हलवू नका. वेबपी फ्रेममधला बदललेला चौकोनच साठवू शकतं. अख्खं पात्र डोलायला लागलं की प्रत्येक वेळी सगळं चित्र पुन्हा साठवावं लागतं. खरखरीत ब्रशचं टेक्श्चर दर फ्रेमला बदलत असेल तरी तेच. आणि स्वभाव दिसतो तोही त्या एका भुवईतच. ती 14 पिक्सेल वर जाऊन 10 वर स्थिरावली तर खट्याळ वाटते, सावकाश 10 वर गेली तर शंका घेतल्यासारखी. सगळं अंग हललं तर हे कुणाच्या लक्षातही येणार नाही.

अक्षरजुळणी:
पांढरे ठिपके जिफमुळे. त्यात पिक्सेल एकतर पारदर्शक नाहीतर भरीव, अर्धपारदर्शक कड पांढऱ्यात मिसळून गोठते. जिफ मधून काढून टाका. पारदर्शक पीएनजी फ्रेमवरून थेट वेबपी करा. मग मुद्दाम 8 पिक्सेलची सलग पांढरी किनार द्या, म्हणजे काळे केस गडद पार्श्वभूमीवर हरवत नाहीत. कॅनव्हास 512 × 512, चारी बाजूंनी 16 पिक्सेल मोकळे.

रफारासाठी, फोटोशॉपची आवृत्ती जुनी असेल तर, प्रेफरन्सेसमध्ये टाइप या भागात ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ निवडा. जुनी ओळ सुधारली नाही तर पुसून नव्याने टाइप करा. अक्षरं निदान 110 पिक्सेल उंच हवीत. त्याहून लहान असली की फोनवर मात्रा आणि अनुस्वार चिकटतात.

फ्रेमवाला:
टेलिग्रामला हीच फाइल चालणार नाही. त्याच पीएनजी फ्रेमवरून व्हीपी9 या कोडेकमधली वेबएम ही व्हिडिओ फाइल काढा: जास्तीत जास्त 3 सेकंद, सेकंदाला 30 पर्यंत फ्रेम, 256 केबी, आवाज नको. ती स्टिकर्स बॉटला (स्टिकर पॅक बनवून देणारं टेलिग्रामचं स्वयंचलित खातं) व्हिडिओ म्हणून नाही, फाइल म्हणून पाठवा. टेलिग्रामचा 64 केबीचा टीजीएस प्रकार वेक्टरसाठी, म्हणजे पिक्सेलऐवजी रेषा-आकारांनी बनलेल्या चित्रांसाठी आहे. तिथे टेक्स्ट लेयर चालत नाही, अक्षरांचे आधी आकार करावे लागतात.

व्हॉट्सअ‍ॅपच्या एका पॅकमध्ये 3 ते 30 स्टिकर, पण हलते आणि स्थिर एकत्र नाहीत. ट्रेचं चित्र (पॅकची ओळख म्हणून दिसणारं छोटं चित्र) 96 × 96, 50 केबीच्या आत. ‘बघू’ स्थिरच ठेवायचा असेल तर निदान डोळ्याची एक उघडझाप घाला, नाहीतर त्याचा पॅक वेगळा करावा लागेल.