पॉइंट वर्ग करण्यापूर्वी: मोपा ते न्यूयॉर्क, दोन तिकिटे

प्रेषक: एक सभासद, सध्या मुक्काम म्हापसा
विषय: कार्डाचे आणि हॉटेलांचे पॉइंट माइल्समध्ये वर्ग करावेत का?

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

पुढच्या वर्षी चवथ आटोपली की आई-बाबांना दोन महिन्यांसाठी न्यू जर्सीला घेऊन जावे, असा आमचा विचार आहे. व्हिसा दोघांकडेही आहे. बाबांचे गुडघे दुखतात, त्यामुळे मुंबईत उतरून सामान ताब्यात घ्यायचे, टर्मिनल बदलायचे आणि पुन्हा रांगेत उभे राहायचे, हा प्रकार शक्यतो टाळायचा आहे.

माझ्या चेस या अमेरिकेतल्या बँकेच्या कार्डावर ९०,००० पॉइंट साठले आहेत. यजमानांच्या कचेरीच्या दौऱ्यांमुळे त्यांच्या मॅरियटच्या खात्यात १,२०,००० आणि हिल्टनच्या खात्यात ४०,००० पॉइंट आहेत. या महिनाअखेरपर्यंत पॉइंट वर्ग केल्यास एका विमान कंपनीचे माइल्स (म्हणजे तिकिटासाठी वापरता येणारे तिचे पॉइंट) २० टक्के जास्त मिळतील, असे बँकेचे पत्र आले आहे. काल रात्री मी सगळेच वर्ग करून टाकणार होते, पण बाबा म्हणाले, आधी मंडळातल्या जाणत्यांना विचार. (माइल्स म्हणजे गोवामाइल्सची टॅक्सी, अशी त्यांची बरेच दिवस समजूत होती, हे त्यांच्या परवानगीने सांगते.) कृपया मार्गदर्शन करावे.

---

प्रेषक: एक जुना सभासद, फोंडा
विषय: उत्तर: कार्डाचे आणि हॉटेलांचे पॉइंट

ताईंना सप्रेम नमस्कार.

आपल्या वडिलांनी आपल्याला थांबवले ते उत्तम केले. आताच काही वर्ग करू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. पुढचा मजकूर त्याची कारणे म्हणून वाचावा.

कार्डाचे पॉइंट बँकेत असतात तोवर ते ताग्यातल्या कापडासारखे असतात आणि त्यांचे काहीही शिवता येते. चेसच्या बाबतीत बोलायचे तर युनायटेड, एअर कॅनडाचे एरोप्लान, ब्रिटिश एअरवेजचे एव्हिऑस, एअर फ्रान्स-केएलएमचे फ्लाइंग ब्ल्यू, सिंगापूर एअरलाइन्सचे क्रिसफ्लायर या माइल्सच्या योजनांपैकी कोणाकडेही ते एकास एक या दराने जातात. एकदा गेले की तो शिवलेला सदरा झाला. ते बँकेत परत येत नाहीत, दुसऱ्या कंपनीकडे सहसा वळत नाहीत, आणि नवीन कंपनीच्या मुदतीचे नियम त्यांना लागू होतात. क्रिसफ्लायरचे माइल्स ३६ महिन्यांनी संपतात, तर एरोप्लानचे खाते १८ महिने निष्क्रिय राहिल्यास त्यातली शिल्लक जाते. २० टक्के जास्त मिळतात म्हणून आपल्या मापाचा नसलेला सदरा शिवून घेण्यात अर्थ नाही.

म्हणून क्रम असा ठेवावा की आधी विमानातली जागा शोधायची, ती खरोखर आहे याची खात्री करायची आणि मगच त्या तिकिटाला लागतील तेवढेच पॉइंट वर्ग करायचे. खात्री करायची असे मुद्दाम लिहितो आहे. काही वर्षांपूर्वी एका कंपनीच्या भागीदाराच्या (म्हणजे तिचे माइल्स जेथे चालतात अशा दुसऱ्या कंपनीच्या) विमानात मला संकेतस्थळावर दोन जागा दिसल्या, म्हणून मी रात्री दीड वाजता ८०,००० पॉइंट वर्ग केले आणि तिकीट काढायला गेलो, तर त्या जागा मुळात नव्हत्याच. रानातल्या वाटेवर चकवा लागावा तसा तो प्रकार होता. ते माइल्स पुढे दोन वर्षे पडून राहिले, आणि तेवढ्या काळात त्याच प्रवासाचा दर वाढला. तेव्हापासून मी आसनाची निवड आणि कराची रक्कम दाखवणाऱ्या शेवटच्या पानापर्यंत जातो, किंवा फोन करून विचारतो, आणि मगच बँकेच्या पानाकडे वळतो.

साठवून ठेवण्यातला धोका आम्हा भारतात राहणाऱ्यांना अधिक ठाऊक आहे. जेट एअरवेजचे शेवटचे विमान १७ एप्रिल २०१९ रोजी उडाले, आणि ज्यांनी त्या कंपनीच्या विमानांसाठी माइल्स जपून ठेवले होते त्यांना ते त्या विमानांत कधीच वापरता आले नाहीत. कंपनी बुडाली नाही तरी दर बदलतातच. ॲक्सिस बँकेच्या मॅग्नस कार्डाचे पाच पॉइंट दिले की चार माइल्स मिळत; १ सप्टेंबर २०२३ पासून पाचाला दोनच मिळू लागले, म्हणजे लाख पॉइंटांचे ८०,००० माइल्स होणार होते ते ४०,००० झाले. पॉइंट हे व्याज न देणारे आणि कधीही अवमूल्यन होऊ शकणारे चलन आहे असे समजून चालावे. ते वेळेवर खर्च करावे, पण बाजारात आवडलेला जिन्नस दिसल्यावर करावे.

आता हॉटेलांचे पॉइंट. हिल्टनचा विचार सोडून द्यावा, कारण तेथील नेहमीचा दर दहास एक असल्याने आपल्या ४०,००० पॉइंटांचे जेमतेम ४,००० माइल्स होतील. मॅरियटचे गणित थोडे निराळे आहे. तेथे बहुतेक कंपन्यांसाठी तीन पॉइंटांचा एक माइल होतो, पण एका वेळी ६०,००० पॉइंट वर्ग केल्यास ५,००० माइल्स वरून मिळतात, म्हणजे २०,००० ऐवजी २५,०००. युनायटेडकडे वर्ग केल्यास ही वरकड दुप्पट, म्हणजे एकूण ३०,००० होतात. अमेरिकन आणि डेल्टासारख्या काही कंपन्यांसाठी वरकड मुळीच नाही. हा ६०,०००चा विचित्र आकडा आला कोठून, असे मला नेहमी विचारले जाते. मॅरियटने २०१६ मध्ये स्टारवुड ही दुसरी हॉटेल कंपनी विकत घेतली. स्टारवुडच्या योजनेत २०,००० पॉइंट दिले की २५,००० माइल्स मिळत, आणि ती योजना जुन्या मंडळींना फार प्रिय होती. ऑगस्ट २०१८ मध्ये दोन्ही योजना एक झाल्या तेव्हा स्टारवुडच्या एका पॉइंटाचे मॅरियटचे तीन झाले. २०,०००चे ६०,००० झाले आणि २५,००० माइल्सचा हिशेब तसाच राहिला. तेव्हा वर्ग करायचेच झाले तर ६०,०००च्या पटीत आणि एकाच वेळी करावे; ३०,०००चे दोन हप्ते पाडल्यास वरकड बुडते.

तरीही मी ते करणार नाही. एक माइल दीड सेंटाचा धरला तर २५,००० माइल्स ३७५ डॉलरचे होतात, म्हणजे मॅरियटचा एक पॉइंट सेंटाच्या दोनतृतीयांशालाही पोहोचत नाही. तेच पॉइंट खोलीसाठी वापरले तर पुष्कळदा याहून अधिक पदरात पडते, आणि सलग पाच रात्री पॉइंटांवर घेतल्यास त्यांतल्या एका रात्रीचे पॉइंट आकारले जात नाहीत. म्हापशात स्वतःचे घर असताना मिरामारच्या हॉटेलात राहा असे मी सांगणार नाही; आईने पुन्हा घरात घेतले नाही तर जबाबदार कोण! पण आई-बाबांना घेऊन नायगाऱ्याला किंवा वॉशिंग्टनला जाल तेव्हा खोल्या लागतीलच, आणि त्या खर्चासाठी ते १,२०,००० अगदी योग्य आहेत.

प्रत्यक्ष मार्गाबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. गोव्यात आता दोन विमानतळ आहेत आणि त्यांचे संकेत वेगळे आहेत. दाबोळीचा ‘जीओआय’ आणि पेडणे तालुक्यातल्या मोपाचा ‘जीओएक्स’. मोपावरून ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उडू लागली. अमेरिकेतले बरेच जण शोधताना सवयीने दाबोळीचा संकेत घालतात, समोर काहीच येत नाही, आणि ‘गोव्यातून माइल्सवर तिकीट मिळत नाही’ असे ठरवून मोकळे होतात. कतार एअरवेजने दोह्याची सेवा जून २०२४ मध्ये दाबोळीहून मोपाला नेली. मोपा-दोहा-न्यूयॉर्क असे एकच तिकीट मिळाले तर सामान मोपाला द्यायचे ते न्यूयॉर्कलाच घ्यायचे. बाबांच्या गुडघ्यांसाठी यापेक्षा सोपा मार्ग मला दिसत नाही. कतारने मार्च २०२२ पासून एव्हिऑस हेच आपले चलन केले असल्यामुळे चेसचे पॉइंट ब्रिटिश एअरवेजच्या खात्यात नेऊन तेथून कतारच्या खात्यात एकास एक वळवता येतात. दुसरा मार्ग एअर इंडियाने दिल्लीवरून आहे. ती २०१४ पासून स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात युनायटेड आणि एअर कॅनडाबरोबर असल्याने युनायटेड किंवा एरोप्लानचे माइल्स तेथे चालतात. दोन्हींकडे कर आणि शुल्क रोखीने भरावे लागते, ते पाहूनच तुलना करावी.

आपला,
फोंडेकर काका

---

प्रेषक: एक सभासद, एडिसन (मूळ साखळी)
विषय: उत्तर: कार्डाचे आणि हॉटेलांचे पॉइंट

काकांना आणि ताईंना नमस्कार.

काकांच्या बहुतेक मतांशी मी सहमत आहे, तरी मॅरियटविषयी एक अपवाद नोंदवतो. तिकिटाला थोडेच माइल्स कमी पडत असतील आणि जागा समोर दिसत असेल, तर तीनास एक या दरानेही हॉटेलाचे पॉइंट घालणे परवडते, कारण विमान कंपनीकडून सुटे माइल्स विकत घेणे बहुधा त्याहून महाग पडते. अडचण वेळेची आहे: चेसकडून ब्रिटिश एअरवेजला पॉइंट सहसा काही क्षणांत पोहोचतात, तर मॅरियटकडून पोहोचायला काही दिवस जातात आणि तोवर जागा कोणीतरी घेऊन जातो. म्हणून हा उपाय एखाद्या खात्यात आधीपासून शिल्लक असेल तेव्हाच करावा.

काकांनी नावांचा विषय काढला नाही, पण आमच्या घरी सगळे अडले होते ते तेथेच. पॉइंट ज्याच्या नावावर असतात, साधारणपणे त्याच नावाच्या माइल्सच्या खात्यात जातात. माझ्या पत्नीने शिकत असताना उघडलेले विमान कंपनीचे खाते माहेरच्या नावाने होते, बँकेचे कार्ड सासरच्या नावाने, आणि पारपत्रावर वडिलांचे नाव मधे. खाती जुळेनात, दुरुस्तीसाठी विवाहाचा दाखला पाठवावा लागला, आणि त्यात तीन आठवडे गेले. ब्रिटिश एअरवेज आणि कतार यांची खाती जोडतानाही नाव आणि जन्मतारीख दोन्हीकडे तंतोतंत एक असावी लागते. ताईंनी हे काम आजच उरकून घ्यावे, कारण याला पॉइंट लागत नाहीत.

प्रवाशांच्या नावाचे म्हणाल, तर माइल्स तुमचे असले तरी त्यांवर आई-बाबांचे तिकीट काढता येते. काही योजना मात्र नावे आधी नोंदवायला लावतात, उदाहरणार्थ क्रिसफ्लायरमध्ये पाचच नावे देता येतात. पण गोव्यातल्या त्या पिढीची जन्मनोंद पोर्तुगीज अमदानीतली. ‘नाईक’च्या शेवटी ‘के’ ऐवजी ‘क्यू-यू-ई’ आणि ‘शेट’च्या आरंभी ‘एक्स’ लिहिलेले दाखले आपल्याकडे घरोघरी आहेत. तिकिटावर पारपत्रातलेच स्पेलिंग उतरवावे, घरातल्या कोणाच्या आठवणीतले नव्हे. भागीदार कंपनीच्या माइल्सवर काढलेल्या तिकिटातले एक अक्षर बदलून घेताना दोन्ही कंपन्या आपल्याला एकमेकींकडे पाठवतात, हा अनुभव मी घेतला आहे.

---

प्रेषक: एक सभासद, सध्या मुक्काम म्हापसा
विषय: उत्तर: काय झाले ते

काकांना आणि साखळीच्या भाऊंना सप्रेम नमस्कार.

आपण दोघांनी एवढ्या तपशिलाने लिहिलेत, त्यामुळे पुढे काय झाले ते कळवणे माझे कर्तव्य आहे. माझे ब्रिटिश एअरवेजचे खाते खरोखरच माहेरच्या नावाने निघाले. ते दुरुस्त होईपर्यंत महिना संपला आणि २० टक्क्यांची सवलतही संपली. ती ज्या कंपनीच्या माइल्सवर होती त्या कंपनीचे विमान गोव्याला येतच नाही हे मी दरम्यान तपासले होते, म्हणून त्याचे दुःख झाले नाही.

मोपाचा संकेत घालून रोज सकाळी चहाबरोबर पाहत होते. चवथीनंतरच्या तिसऱ्या आठवड्यात मोपा-दोहा-न्यूयॉर्कच्या दोन जागा दिसल्या, शेवटच्या पानापर्यंत जाऊन त्या खऱ्या असल्याची खात्री केली, आणि पॉइंट वर्ग करायला बसले, तर चेसने सांकेतिक क्रमांक पाठवला तो माझ्या अमेरिकेतल्या फोनवर. त्या फोनचे कार्ड पाकिटात, पाकीट कपाटात आणि कपाटाची चावी देवळात गेलेल्या आईकडे. आई आरती संपवूनच आली. सुदैवाने जागा तोवर शिल्लक होत्या. जाण्याच्या दोन तिकिटांना लागले तेवढेच पॉइंट हजाराच्या पटीत वर्ग केले, कतारच्या खात्यात वळवले, आणि चाकांच्या खुर्चीची नोंद त्याच वेळी करून घेतली. परतीच्या दोन तिकिटांना उरलेले पॉइंट पुरत नाहीत, त्यामुळे ती रोखीने काढणार आहोत. ऐन गर्दीत रोखीचे भाव चढे होते म्हणून माइल्स जाण्याच्या प्रवासाला वापरलेले बरे पडले.

मॅरियटचे १,२०,००० तसेच ठेवले आहेत आणि नायगाऱ्याच्या खोल्या पाहतो आहोत. हिल्टनच्या ४०,०००चे काय करावे हे अजून ठरलेले नाही.

बाबांनी एक शंका विचारायला सांगितली आहे. तिकीट माझ्या माइल्सवर निघाले तरी ते विमानात बसून एवढे मैल जाणार, तर त्याबद्दल त्यांच्या स्वतःच्या नावावर काही जमा होईल का?

---

प्रेषक: एक जुना सभासद, फोंडा
विषय: उत्तर: काय झाले ते

ताई, बाबांना माझा नमस्कार सांगावा. माइल्सवर काढलेल्या तिकिटावर बहुतेक कंपन्या पुन्हा माइल्स देत नाहीत, त्यामुळे जाताना काही मिळेल अशी आशा ठेवू नये. परतीचे तिकीट मात्र रोखीचे आहे. त्यासाठी दोघांची स्वतंत्र खाती पारपत्राच्या स्पेलिंगने आजच विनामूल्य उघडून घ्यावीत आणि तिकीट काढताना ते क्रमांक घालावेत.