प्राध्यापकांना प्रशिक्षण हवं की वेळ?

अनुष्टुप
विद्यापीठात नेमणूक होते ती पीएचडी आणि शोधनिबंध बघून. एका अरुंद विषयात खोल कसं उतरायचं, हे पीएचडीत शिकतो माणूस. पण भरलेल्या वर्गात तोच विषय कसा मांडायचा, प्रश्नपत्रिका कशी काढायची, मागे पडणारा कसा ओळखायचा, हे त्याला कोण शिकवतं? नॉर्वेसारख्या देशात असं प्रशिक्षण बंधनकारक आहे, बऱ्याच ठिकाणी नाही. परिणाम विद्यार्थी भोगतात. विज्ञान, गणित आणि अभियांत्रिकीतल्या २२५ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण २०१४ मध्ये आलं. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गात नापासांचं प्रमाण सुमारे ३४ टक्के, विद्यार्थ्यांना कामाला लावणाऱ्या वर्गात सुमारे २२ टक्के. माझं म्हणणं, रुजू झाल्यावर पहिल्या दोन वर्षांत प्रशिक्षण सक्तीचं करा.

खडूधूळ
साफ असहमत. मी शिकवतो, म्हणून सांगतो. नवा विषय सत्र सुरू व्हायच्या तोंडावर हातात पडतो. मग पेपर तपासणी, प्रवेशाचं काम, मूल्यांकन समितीच्या फायली, प्रत्येक कार्यक्रमाचा अहवाल फोटोंसकट. त्यात आणखी एक आठवड्याचा वर्ग घातलात, तर लोक सही करून मागे बसून पेपरच तपासणार. तसं होताना बघितलंय. शिवाय बढतीच्या अर्जात शोधनिबंध मोजतात, शिकवण्याचे फक्त तास मोजतात. कंत्राटी सहकाऱ्यांचं तर बोलूच नका. पुढच्या सत्रात आपण असू की नाही हे ज्याला माहीत नाही, त्याला प्रशिक्षणाला पाठवणार कोण?

अनुष्टुप
कामाचा बोजा मान्य. पण उद्या तुम्हाला वेळ मिळाला, तरी जुन्याच वहीतून जुन्याच टिपणांचं वाचन होणार नाही कशावरून? आठवड्याच्या व्याख्यानमालेची बाजू मी घेतच नाहीये. एका सहकाऱ्याने वर्गात शेवटच्या बाकावर बसावं, एवढंच. आपण विचारतो, "समजलं ना?" पहिल्या बाकावरच्या दोन-तीन माना हलतात आणि आपण पुढे जातो. मागच्या वहीत समीकरणाची तिसरी पायरीच नाही, हे फळ्याजवळून दिसत नाही.

रिमझिम
सहकारी कशाला? विद्यार्थ्यांचे अभिप्राय घ्या आणि त्यावर बढती ठरवा. शिकवणं कसं आहे, ते आम्हालाच कळतं.

खडूधूळ
रिमझिम, तुमचं म्हणणं ऐकायलाच हवं, पण नोकरी त्यावर टांगू नका. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या वर्गांवर झालेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वतः डोकं चालवावं लागलेल्या विद्यार्थ्यांना वाटलं की आपण कमी शिकलो; चाचणीत गुण मात्र त्यांनाच जास्त. ज्याचं कंत्राट अभिप्रायाच्या फॉर्मवर ठरतं, तो असली पद्धत वापरायची जोखीम का घेईल? तो गोड व्याख्यान देईल आणि परीक्षेआधी महत्त्वाचे प्रश्न सांगेल.

रिमझिम
पण आमच्याकडे सत्रभर पीपीटी वाचून दाखवणारेही आहेत. त्यांना जाब कोण विचारणार? सहकारी एकमेकांना सांभाळून घेतात.

अनुष्टुप
ही भीती खरी आहे. म्हणून निरीक्षक दुसऱ्या विभागातला असावा. विषय त्यालाही नवा, म्हणजे कुठे सुटलं ते त्याला लगेच कळेल.

खडूधूळ
दुसऱ्या विभागातला चालेल. पण त्याचा कागद बढतीच्या फाइलीत गेला, तर त्या दिवशी सगळेच दाखवायचा तास घेतील, मीसुद्धा. निरीक्षण फक्त माझ्यापुरतं राहणार असेल आणि त्या सत्रात माझा एक विषय कमी होणार असेल, तर खुशाल येऊन बसा. दोन्ही अटी लेखी हव्यात.