संबंधाच्या वेळी खूप दुखतं, रिपोर्ट सगळे नॉर्मल. ठाणे-नवी मुंबईत कोणी दाखवलंय का?

घणसोली_नवीन_आयडी

नमस्कार. आयडी मुद्दाम नवीन काढलाय, जुन्या आयडीने मी इथे रेसिप्या टाकते आणि नात्यातल्या दोघीतिघी वाचतात, त्यामुळे समजून घ्या.

लग्नाला दीड वर्ष झालं, वय २९. अजून एकदाही नीट संबंध झालेले नाहीत. सुरुवातीला वाटलं सगळ्यांनाच दुखतं, मावसबहीण पण तेच म्हणाली, म्हणून गप्प बसले. पण हे नुसतं दुखणं नाहीये, आत जातच नाही, भिंतच आहे असं वाटतं आणि जरा जोर केला की कापल्यावर मिरची लागावी तशी आग होते. मी आपोआप मांड्या आवळते, मला नको असतं तरी. नवरा खूप समजूतदार आहे पण आता तो जवळ यायलाच बिचकतो आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटतं.

एका गायनॅककडे गेले तर तपासताना मी ओरडले, तर म्हणाल्या एवढ्यात ओरडतेस, उद्या डिलिव्हरी कशी करणार? सोनोग्राफी नॉर्मल, इन्फेक्शन नाही. मग "टेन्शन घेऊ नका, कुठेतरी फिरून या". महाबळेश्वरला गेलो, स्ट्रॉबेरी घेऊन परत आलो, बाकी काही नाही.

ऑफिसमधल्या मैत्रिणीने कीगल एक्सरसाईज (खालचे स्नायू आवळायचे आणि सोडायचे) सांगितले, महिनाभर रोज करतेय तर उलट जास्तच घट्ट वाटायला लागलंय. हे नक्की काय आहे, मला आतून काही कमी आहे का? आणि सासूबाई दर रविवारी साताऱ्याहून फोन करून "काही बातमी?" विचारतात, त्यांना काय सांगू तेही सुचवा.

पाचपाखाडीची_मी

अगं तू माझीच गोष्ट लिहिलीस. एक अक्षर वेगळं नाही, फक्त आम्ही महाबळेश्वरऐवजी गोव्याला गेलो होतो.

पहिलं म्हणजे कीगल आजच बंद कर. मीपण केले होते. ज्या मुठी आधीच आवळलेल्या आहेत त्यांना अजून आवळायला शिकवत होते मी, चार महिने.

मला याचं नाव कळायला चार वर्षं आणि तीन डॉक्टर लागले. तिसऱ्या मॅडमनी आधी वीस मिनिटं नुसतं ऐकून घेतलं, मग म्हणाल्या आज काही तपासत नाही, आणि मी तिथेच रडले. त्यांनी सांगितलं की तुझी जागा लहान नाही, काही बिघडलेलं नाही, खालचे स्नायू घाबरून बंद होतायत, आणि फिजिओकडे पाठवलं. मला तर तोवर फिजिओ म्हणजे गुडघे आणि फ्रोझन शोल्डर एवढंच माहीत.

मग श्वासाचे व्यायाम, मग डायलेटर. म्हणजे सिलिकॉनच्या गुळगुळीत कांड्या असतात, लहान ते मोठ्या अशा साईजच्या, पहिली माझ्या करंगळीएवढी होती आणि तिच्यासाठीसुद्धा मला तीन आठवडे लागले. वन बीएचकेमध्ये सासू-सासरे हॉलमध्ये टीव्ही लावून बसलेत आणि मी बेडरूमची कडी लावून श्वास मोजतेय, असा सगळा प्रकार. सेट बिस्किटाच्या जुन्या डब्यात ठेवायचे, एकदा सासूबाईंनी चिवडा भरायला तोच डबा काढला!! पाठीच्या मसाजचं सामान आहे म्हणाले, त्यांनी परत झाकण लावून ठेवून दिलं. काय समजायचं ते समजल्या असतील.

सात महिने लागले मला. आताही ऑफिसचं टेन्शन असलं की एखाद्या दिवशी नाही जमत, मग त्या दिवशी राहू देतो.

नेरूळची_फिजिओ

मी पेल्विक फ्लोअरचंच, म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचंच काम करते म्हणून जरा लांब लिहिते. इथे वाचून कोणाचं निदान होत नाही, प्रत्यक्ष तपासणी लागते, पण तुम्ही लिहिलंय त्यावरून काय चाललेलं असू शकतं ते सांगते.

पुढचं जांघेमधलं हाड आणि मागचं माकडहाड यांच्यामध्ये स्नायूंची एक झोळी ताणलेली असते. लघवीची पिशवी, गर्भाशय, आतडं या झोळीवर टेकलेलं असतं आणि लघवीची, योनीची, शौचाची अशा तिन्ही वाटा तिच्यातून जातात. झोळी आवळली की तिन्ही वाटा आवळतात. म्हणून मी पेशंटना विचारते की लघवीला बसल्यावर धार लगेच सुरू होते का, पोट साफ व्हायला कुंथावं लागतं का, टॅम्पॉन किंवा मेन्स्ट्रुअल कप जातो का. पुष्कळ जणी म्हणतात हो हो तेही आहे, पण त्याचा याच्याशी काय संबंध?

डोळ्याजवळ बोट आणलं की पापणी मिटते, तुम्ही ठरवून मिटत नाही. तसंच हे. एकदा दुखलं की शरीर लक्षात ठेवतं, पुढच्या वेळी आधीच दार लावून घेतं, बंद दारावर जोर केला की अजून दुखतं आणि शरीराला वाटतं बघ, मी बरोबरच होतो. त्यामुळे "रिलॅक्स व्हा" सांगून उपयोग नसतो आणि "सहन कर, सवय होईल" हा तर सगळ्यात वाईट सल्ला. सोनोग्राफीत गर्भाशय, अंडाशय दिसतात, स्नायू किती आवळलेत हे त्या रिपोर्टमध्ये येत नाही. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे दुखणं खोटं असा अर्थ नाही.

नावांवरून गोंधळू नका. कोणी व्हजायनिस्मस (योनीचे स्नायू आपोआप आवळणं) म्हणेल, कोणी डिस्परेयुनिया (संबंधाच्या वेळी दुखणं). २०१३ साली अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने दोन्ही एकाच नावाखाली आणली, कारण दुखणं, भीती आणि स्नायू आवळणं हे वेगळं काढणं अवघड जातं.

कीगलबद्दल वर लिहिलंय ते बरोबर आहे. आर्नोल्ड कीगल नावाच्या अमेरिकन गायनॅकने १९४८ साली हे व्यायाम मांडले ते बाळंतपणानंतर स्नायू सैल पडून लघवी गळते अशा बायकांसाठी. तुम्हाला उलटं शिकायचंय, सोडायला. गुडघे उशीवर टेकवून पाठीवर पडा, एक हात पोटावर, नाकाने श्वास घेताना पोट फुगू दे आणि खालची जागा जराशी खाली उतरतेय असं जाणवतंय का बघा. कुंथायचं नाही, नुसतं सोडायचं. पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. बालासन करा, आणि पाठीवर झोपून पावलं हाताने धरायची, तान्हं बाळ करतं तसं, तेही चालतं.

आता एक विचारते, ट्रेनने किती वेळ प्रवास करता? आपल्याकडच्या बायका स्टेशनवरची घाण बघून तासन्‌तास लघवी धरून ठेवतात, आणि जायची वेळ आलीच तर कमोडला न टेकता अर्धवट बसून करतात. अर्धवट बसलं की हे स्नायू पूर्ण सुटतच नाहीत. कमोड पुसून किंवा कागद टाकून पण टेकून बसा. घरी कमोड असेल तर पायाखाली पाट घ्या, आपल्या भारतीय संडासात उकिडवं बसल्यावर मागची वाट सरळ होते तेच त्याने थोडंफार होतं. आणि दिवसभर पोट आत ओढून चालायची सवय असेल तर तीसुद्धा सोडा. लग्नाच्या फोटोंपुरती ठीक होती.

डायलेटर मात्र कोणाकडून तरी शिकून घ्या. दहापंधरा मिनिटं, वॉटर-बेस्ड लुब्रिकंट (गुळगुळीत करणारं जेल) भरपूर लावून. ताण जाणवला तर थांबून श्वास घ्या, टोचलं किंवा आग झाली तर मागे या. पुढची साईज कॅलेंडर बघून घ्यायची नाही, आधीची कंटाळवाणी वाटायला लागली की घ्यायची. खोबरेल तेल कंडोमबरोबर वापरू नका, तेलाने लॅटेक्स फाटतं. काहींना डॉक्टर बधिर करणारं जेल देतात, काहींना स्नायूत बोटॉक्स (स्नायू सैल करणारं इंजेक्शन) देतात, काहींना जोडीला समुपदेशन लागतं. एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढणं), त्वचेचा त्रास, परत परत होणारं लघवीचं इन्फेक्शन यानेही असं दुखतं, म्हणून आधी चांगल्या गायनॅककडून तपासणी हवीच. संबंधानंतर रक्त, ताप, वास येणारा स्राव असं काही असेल तर फिजिओची वाट न बघता डॉक्टर गाठा.

तलावपाळी_कट्टा

एवढं काही नसतं हो. थोडी वाईन घ्यायची, मंद गाणी लावायची. आमच्या वेळी असले आजार नव्हते.

निवृत्त_सिस्टर_डोंबिवली

@तलावपाळी_कट्टा तुमच्या वेळीही होते, तुम्हाला कोणी सांगितले नाहीत इतकंच. १८६० च्या दशकात सिम्स नावाच्या अमेरिकन डॉक्टरने याला व्हजायनिस्मस हे नाव दिलं, आणि तेव्हा उपाय म्हणून चक्क कापायचे. बत्तीस वर्षं नोकरी केली मी, लग्नाला आठ-दहा वर्षं झालेल्या बायका "मूल होत नाही" म्हणून यायच्या आणि पडद्यामागे हळूच सांगायच्या की सिस्टर, अजून काही झालेलंच नाही. दारूने स्नायू शिकत नाही, दुखलेलं फक्त उशिरा कळतं.

कळव्याचा_नवरा

ताई, नवऱ्याच्या बाजूने लिहितो. मला पहिलं वर्षभर वाटत होतं मी तिला आवडत नाही. बोललो नाही, रात्री उशिरापर्यंत मोबाईल बघत बसायचो. फिजिओंनी एकदा मलापण आत बोलावलं, चित्र काढून दाखवलं आणि म्हणाल्या तीन महिने संबंधाचा प्रयत्नच करायचा नाही, जवळ या, पण तो विषय बंद. आधी वाटलं हे कसलं औषध? पण खरं सांगतो, मिठी मारली की ती आखडायची ते त्यामुळे थांबलं, कारण पुढे काही होणार नाही हे दोघांना माहीत. तुमच्या मिस्टरांना एकदा बरोबर न्याच.

खारघर_बाळाची_आई

मला लग्नानंतर काही नव्हतं, डिलिव्हरीनंतर सुरू झालं. टाक्यांची जागा ओढली जायची, त्यात अंगावर पाजत असले की तिथे कोरडेपणा येतो हे कोणीच सांगितलं नव्हतं. सहाव्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले आता सगळं चालू करा, मी मनात म्हटलं तुम्ही करा. टाक्यांच्या जागेला मसाज आणि श्वासाचा व्यायाम, त्याने खूप फरक पडला.

घणसोली_नवीन_आयडी

सगळ्यांना खूप खूप थँक्यू, मी ऑफिसच्या वॉशरूममध्ये बसून वाचलं आणि रडले (टेकून बसून!).

फिजिओ मॅडम, अगदी बरोबर ओळखलंत. घणसोली ते ठाणे, ठाण्याहून घाटकोपर, पुढे मेट्रोने अंधेरी. सकाळी आठला निघते ते ऑफिसला पोचेपर्यंत जात नाही, आणि पाणीच पीत नाही म्हणजे प्रश्नच नको. धार सुरू व्हायलाही वेळ लागतो, मला वाटायचं सगळ्यांचं असंच असतं. दोन शंका आहेत. पहिल्याच दिवशी आतून तपासतात का? आणि एक नातेवाईक म्हणतायत की सरळ आययूआय (नवऱ्याचे शुक्राणू नळीने गर्भाशयात सोडतात ते) करून घ्या, मूल झालं की आपोआप मोकळं होतं. खरंय का?

नेरूळची_फिजिओ

पहिल्या दिवशी बहुतेक वेळा बोलणं, बाहेरून पोट-कंबर-मांड्या बघणं आणि श्वास, एवढंच. आतून तपासायचं झालं तर तुमची परवानगी घेऊनच, ग्लोव्ह घालून एका बोटाने, आणि थांबा म्हटलं की थांबायलाच हवं. बरोबर कोणी बसलेलं हवं असेल तर तसं सांगा. जिथे हे विचारत नाहीत तिथून उठून या.

मूल झालं की मोकळं होतं याची काही खात्री नाही, आधीची भीती तशीच राहून वर टाक्यांचं दुखणं येऊ शकतं. आययूआय हा मूल होण्याचा उपाय आहे, या दुखण्याचा नाही, आणि त्यातही आत उपकरण घालतातच. मूल लवकर हवंच असेल तर दोन्ही एकत्र करता येतं, पण ते तुम्ही दोघांनी ठरवा, नातेवाइकांनी नाही. पाणी मात्र प्या.

पाचपाखाडीची_मी

आणि सासूबाईंना सांग पाठीचं फिजिओ चालू आहे, डॉक्टरांनी सहा महिने थांबायला सांगितलंय. झोळी मागे माकडहाडालाच लागते ना, मग फार खोटं पण नाही 😄

घणसोली_नवीन_आयडी

हेच सांगणार! अपॉइंटमेंट घेतली. रविवार देत होते पण ट्रान्सहार्बरला मेगाब्लॉक आहे म्हणून शनिवारी चारची घेतली. नवरा हाफ डे टाकून येतोय, मी म्हटलंही नव्हतं, कळव्याच्या दादांचं वाचून त्यानेच ठरवलं.