शब्दचर्चा: ‘ही गाडी आली कुठून?’ – हौशी, बूस्टर, मोबदला

वैखरी
नमस्कार मंडळी. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलवर मराठीत एक लेख लिहिते आहे आणि एका वाक्यापाशी तीन दिवस अडकले आहे.

प्रसंग असा. १९७९ साल, टेक्सासमधलं सीली नावाचं लहान गाव. एरिक डिकरसन हा शाळकरी खेळाडू इतका वेगवान, की राज्यातली मोठमोठी विद्यापीठं त्याच्या दारात उभी. अशात तो सोनेरी रंगाची कोरी पाँटिॲक ट्रान्स ॲम चालवताना दिसू लागला. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने त्याच्यासाठी जोर लावला होता, म्हणून लोकांनी गाडीचं नावच ‘ट्रान्स ए अँड एम’ ठेवलं. कॉलेजच्या खेळाडूंनी चाहत्यांकडून पैसे किंवा वस्तू घेणं तेव्हा नियमाबाहेर होतं. घरचं उत्तर ठरलेलं: गाडी आजीने घेतली. शेवटी तो गेला मात्र डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठात.

माझ्या पहिल्या खर्ड्यात ‘अशा खेळाडूंना लाच म्हणून गाड्या मिळत’ असं होतं. मग ‘लाच’ खोडून ‘भेट’ केलं. ‘भेट’ वाचलं की वाटतं, मामाने वाढदिवसाला दिली. दोन्ही शब्द मला खोटे वाटतात. या देण्याला मराठीत काय म्हणावं? सोबत ‘अमॅच्युअर’, ‘स्टुडंट-ॲथलीट’, ‘बूस्टर’ आणि ‘एनआयएल’ यांनाही शब्द हवे आहेत.

पेठकर
‘अमॅच्युअर’ला ‘हौशी’ रुळलेला आहे. राज्य हौशी नाट्य स्पर्धेने तो गावोगाव पोचवला. अमॅच्युअरच्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘प्रेम करणारा’, आणि आपली ‘हौस’ आली अरबी ‘हवस’वरून, म्हणजे तीव्र इच्छा. हिंदीत त्याच शब्दाला वासनेचा रंग चढला. मराठीत तो घरचा झाला. त्यामुळे जोडी चांगली जुळते.

तरी तुमच्या लेखात तो जपून वापरा. मराठी हौशी माणूस स्वतःच्या खिशातून खर्च करतो. तालमीनंतरच्या चहाचे पैसेसुद्धा हौशी नाटकवाले वर्गणी काढून भागवतात. ‘हौसेला मोल नाही’ म्हणजे हौसेपायी माणूस खर्चाचा हिशेब ठेवत नाही. अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये स्टेडियम लाखभर प्रेक्षकांचं, टीव्हीचे करार अब्जावधी डॉलरचे, मोठ्या प्रशिक्षकांचे पगार राज्याच्या गव्हर्नरच्या कितीतरी पट. तिथे हौशी उरतो तो एकच जण, जो पळतो, आपटतो आणि गुडघा फोडून घेतो. खर्च त्याच्या शरीराचा, जमा दुसऱ्यांच्या खात्यात. आपल्या ‘हौशी’ शब्दात हे बसत नाही. मी ‘बिनमोबदला’ लिहीन. कानाला जड आहे, पण खरा आहे.

जाता जाता: जुन्या मराठीत ‘धंदेवाईक नाटक मंडळी’ असं सरळ मनाने लिहीत. आज ‘धंदेवाईक’ म्हटलं की माणूस चिडतो, म्हणून आपण ‘व्यावसायिक’ म्हणतो. पैसे घेऊन खेळणं कमी प्रतीचं, ही समजूत इंग्रजांकडूनही आपल्यात आली असावी. इंग्लंडच्या क्रिकेटमध्ये हौशी ते ‘जंटलमन’ आणि पैसे घेणारे ते ‘प्लेअर’ ही विभागणी १९६२ पर्यंत चालली. पैसे न घेता खेळणं ज्यांना परवडायचं, त्यांनी ती प्रतिष्ठा ठरवली होती.

मिशिगनकर
वैखरी, मी ॲन आर्बरजवळ राहतो. आमच्याकडे खेळाडूची गाडी हा अजून दुखरा विषय आहे. फेब्रुवारी १९९६ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या बास्केटबॉल खेळाडूंना घेऊन डेट्रॉइटहून परतणारी फोर्ड एक्सप्लोरर उलटली. जीव वाचले. मग प्रश्न निघाला तो अपघाताचा नव्हे, तर मॉरिस टेलर या विद्यार्थ्याला ही गाडी परवडली कशी, हा. ते टोक धरून चौकशी एड मार्टिनपर्यंत गेली. हा फोर्ड कंपनीतला निवृत्त इलेक्ट्रिशियन, बेकायदा आकड्यांचा धंदा चालवणारा. त्याने चार खेळाडूंना मिळून ६,१६,००० डॉलर दिल्याचा उल्लेख २००२ च्या आरोपपत्रात आहे. विद्यापीठाने १९९२ आणि १९९३ च्या अंतिम फेरीच्या पताका छतावरून उतरवल्या. त्या रिकाम्या जागेकडे बघताना इथल्या माणसांना अजून वाईट वाटतं. मलाही वाटतं.

इथल्या बोलीत ‘बूस्टर’ म्हणजे विद्यापीठाच्या संघावर पैसा लावणारा श्रीमंत चाहता. रोकड पोचवतो तो ‘बॅगमन’. आणि ‘शंभर डॉलरचं हस्तांदोलन’ असा वाक्प्रचार आहे: सामना संपला की बूस्टर हात मिळवतो, हात सुटतो तेव्हा खेळाडूच्या तळव्यात घडी घातलेली नोट असते. मला ‘हात ओले करणे’ सुचलं होतं, पण त्याने पुन्हा लाचेकडेच जातो.

अजून एक सांगायचं आहे. संशय दर वेळी खरा निघत नाही. २०११ मध्ये ओहायो स्टेटच्या खेळाडूंनी आपल्या स्मृतिवस्तू देऊन टॅटू काढून घेतल्याचं प्रकरण झालं, प्रशिक्षक जिम ट्रेसेल यांना जावं लागलं. त्याच लाटेत खेळाडूंनी घेतलेल्या गाड्यांवरही बोट आलं. राज्याच्या वाहन खात्याने कागद तपासले. गाड्या मुद्दाम स्वस्तात दिल्याचं काही सापडलं नाही. म्हणून ‘कुठेतरी पाणी मुरतंय’ असली वाक्यं लेखात येऊ देऊ नका. आणि ‘ऐपत’ हा शब्द तर फार सांभाळा. डॉक्टरच्या मुलाच्या गाडीकडे इथे कुणी वळून बघत नाही. विचारलं जातं ते बहुतेकदा गरीब वस्तीतून आलेल्या कृष्णवर्णीय मुलाला. ‘याची ऐपत काय?’ या आपल्या प्रश्नात माणसाची वस्ती, आडनाव, कपडे सगळं मोजलेलं असतं. इथेही तेच मोजतात.

तालमीतला
वैखरीताई, लाच कशाला म्हणतात? ज्याच्या हातात अधिकार आहे त्याने करू नये ते करावं म्हणून देतात ती लाच. पोरगं मैदानात उतरतंय, जग तिकीट काढून बघतंय, त्याला दिलेला पैसा लाच कसा होईल?

माझे चुलते कोल्हापुरात तालमीत वाढले. त्यांच्याबरोबर यात्रेतली मैदानं मी लहानपणापासून पाहिली. कुस्ती चितपट झाली की जिंकलेला पैलवान मैदानाला फेरी मारतो, बघणारे त्याच्या हातात नोटा ठेवतात. माईकवरून नाव पुकारतात: अमक्या गावच्या अमक्यांकडून पैलवानाला पाचशे रुपये बक्षीस. मिशिगनकर सांगतात तीच नोट आणि तोच तळवा. आमच्याकडे त्या वेळी हलगी वाजते, त्यांच्याकडे मूठ झाकून धरायची. मोठ्या जोडीचं इनाम तर आधीच पत्रकावर छापलेलं असतं.

गाडीचंच म्हणाल तर जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात शिवराज राक्षे महाराष्ट्र केसरी झाला, त्याला थार गाडी आणि पाच लाख रुपये मिळाले. किल्ली सगळ्यांसमोर हातात. ‘गाडी आली कुठून?’ असं त्याला कोण विचारणार? सगळ्या महाराष्ट्राने बघितलं होतं.

माझी मागणी एवढीच, की शब्द निवडताना पोराला चोर करू नका. ‘बक्षीस’ म्हणा, ‘खुराक’ म्हणा. ‘बूस्टर’ला ‘आश्रयदाता’ बसेल. शाहू महाराजांनी मल्लांना आश्रय दिला, खासबागेचं मैदान बांधलं. आजही ‘अमक्या कारखान्याने मल्ल दत्तक घेतले’ असं आपण म्हणतोच.

वैखरी
दादा, हलगीचं वाचून अंगावर काटा आला. तुमचं म्हणणं पटलं. ‘लाच’ गेली.

‘आश्रयदाता’वर मात्र थांबते. आश्रय उघड असतो आणि आश्रय देणारा नाव लावून देतो. सदर्न मेथडिस्टमध्ये झालं ते वेगळं. एका बूस्टरच्या पैशातून १३ खेळाडूंना मिळून सुमारे ६१,००० डॉलर गुपचूप दिले गेले, आणि हे देणं चालू ठेवायला विद्यापीठाच्या वरिष्ठांची संमती होती. त्यांतले एक, बिल क्लेमेंट्स, टेक्सासचे गव्हर्नर होते. १९८७ मध्ये त्यांनी ते मान्य केलं. कॉलेज खेळांचे नियम ठरवणाऱ्या एनसीएए या संघटनेने त्या वर्षीचा संपूर्ण हंगाम रद्द केला, पुढच्या वर्षी विद्यापीठानेच संघ उतरवला नाही. पकडलं गेल्यावर मैदान गमावलं ते पोरांनी. हे ज्याने केलं त्याला शाहू महाराजांचा शब्द द्यायला माझा हात धजत नाही. ‘धनाढ्य पाठीराखा’ लिहिते, पुढे नुसतं ‘बूस्टर’.

त्या शिक्षेला तिकडे ‘डेथ पेनल्टी’ म्हणतात. ‘मृत्युदंड’ लिहिलं तर वाचक दचकेल. ‘हंगामबंदी’ कसा वाटतो?

पेठकर
‘हंगामबंदी’ उत्तम. घडवलेला वाटत नाही.

सनद
मी कामगार कायद्याची वकील, म्हणून ‘स्टुडंट-ॲथलीट’वर बोलते. हा शब्द निष्पाप नाही. १९५० च्या दशकात जखमी खेळाडू आणि त्यांची कुटुंबं कामगार म्हणून नुकसानभरपाई मागू लागली. कोलोरॅडोतल्या एका कॉलेजचा खेळाडू १९५५ मध्ये सामन्यात डोक्याला मार लागून दगावला. त्याच्या पत्नीने भरपाई मागितली. १९५७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली: कॉलेज काही फुटबॉलच्या धंद्यात नाही, म्हणून तो कामगार नाही. त्याच काळात एनसीएएचे प्रमुख वॉल्टर बायर्स आणि त्यांच्या वकिलांनी ‘स्टुडंट-ॲथलीट’ हा शब्द रूढ केला, नियमांत आणि निवेदनांत सगळीकडे तोच वापरायचा असं ठरवलं. पुढे १९९५ मध्ये बायर्स यांनीच हे लिहून कबूल केलं आणि या व्यवस्थेवर कडक टीका केली.

आता मराठी. आपल्याकडे दहावी-बारावीच्या सवलतीच्या गुणांच्या बातम्यांत ‘खेळाडू विद्यार्थी’ असं येतं. तिथे मुख्य नाम विद्यार्थी, खेळाडू हे विशेषण. ‘विद्यार्थी-खेळाडू’ केलं की मुख्य नाम खेळाडू होतं. एनसीएएला जे ठसवायचं होतं ते ‘खेळाडू विद्यार्थी’ने नेमकं ठसतं, म्हणूनच तुम्ही तो टाळा. एनसीएएचं म्हणणं सांगताना अवतरणात ‘विद्यार्थी-खेळाडू’ लिहा, स्वतःच्या निवेदनात सरळ ‘खेळाडू’. ज्या शब्दाने एका विधवेसारख्यांची वाट बंद केली, तो आपण आपल्या भाषेत आपणहून आणायचा कशाला?

ऑस्टिनवासी
एनआयएल माझ्याकडे. खेळाडूने आपली ओळख विकून कमवायचं, ते हे: नाव, छबी आणि तिसरा शब्द ‘लाइकनेस’. पहिले दोन सोपे. तिसऱ्याला ‘प्रतिमा’ म्हटलं तर छबीशी घोटाळा होतो. एड ओबॅनन याचा खटला आठवा. यूसीएलएचा हा माजी बास्केटबॉलपटू एका व्हिडिओ गेममध्ये स्वतःलाच भेटला. नाव नव्हतं, फोटो नव्हता; पण ३१ क्रमांक, तुळतुळीत डोकं, डावखुरा हात, सगळं त्याचं. २००९ मध्ये त्याने दावा लावला, २०१४ मध्ये निकाल बाजूने लागला. म्हणजे नाव न घेता ओळख पटते ते लाइकनेस. मी ‘रूपसाम्य’ सुचवते.

पुढचं थोडक्यात: कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये अशा कमाईला परवानगी देणारा कायदा केला, २१ जून २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने ऑल्स्टन खटल्यात ९-० ने एनसीएएविरुद्ध निकाल दिला, आणि १ जुलैपासून खेळाडूंना नाव विकण्याची मोकळीक मिळाली. आमच्या टेक्सास विद्यापीठाच्या बिजान रॉबिन्सनने ‘डिजाँ’ मोहरीशी यमक जुळणाऱ्या आपल्या नावावर ‘बिजान मस्टर्डसन’ नावाची मोहरीची चटणी काढली, ऑस्टिनच्या लॅम्बोर्गिनी विक्रेत्याशी करार केला. हे सगळं उजेडात. ज्या राज्यात डिकरसनच्या ट्रान्स ॲमची कुजबुज चालली, त्याच राज्यात.

आपल्या मुलांसाठी एक गोष्ट: एफ-१ व्हिसावर आलेल्या खेळाडूंना असे करार करायला नोकरीविषयीचे नियम आड येतात. मूळचे कॅनडाचे, पर्ड्यू विद्यापीठाचे बास्केटबॉलपटू झॅक ईडी यांनाही ती अडचण आली.

मिशिगनकर
‘कलेक्टिव्ह’ राहिला. चाहते पैसे गोळा करून खेळाडूंशी करार करतात ती संस्था. मला गणपतीची वर्गणी आठवते, म्हणून ‘वर्गणी मंडळ’. ऑक्टोबर २०२३ मध्ये यूटा विद्यापीठाच्या ‘क्रिमसन कलेक्टिव्ह’ने शिष्यवृत्तीवरच्या ८५ फुटबॉल खेळाडूंना रॅम १५०० ट्रक दिले. क्रियापद जपा: ट्रक भाडेकरारावरचे होते. ‘ट्रक मिळाले’ नको, ‘वापरायला मिळाले’.

सनद
आणि ‘पगार’ तर मुळीच नको. एनसीएएविरुद्धच्या खटल्यात ६ जून २०२५ ला न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनुसार जुन्या खेळाडूंना सुमारे २.८ अब्ज डॉलर मिळणार आहेत, आणि २०२५-२६ पासून तडजोडीत सामील झालेलं विद्यापीठ खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतं; त्या पहिल्या वर्षाची मर्यादा २.०५ कोटी डॉलर होती. तरी विद्यापीठं त्यांना कर्मचारी मानत नाहीत. शब्द ‘वाटा’ किंवा ‘महसुलातला हिस्सा’. ६०० डॉलरवरचे बाहेरचे करार आजही तपासले जातात, म्हणजे ‘गाडी आली कुठून?’ हे विचारणं थांबलेलं नाही. त्या जुन्या पैशाला मात्र ‘मोबदला’ हाच शब्द. कामाच्या बदल्यात मिळतं ते. लाच, भेट, बक्षीस यांतला कोणताही शब्द घेतला तर ‘त्याने काम केलं’ हे वाक्यातून गळतं.

तालमीतला
‘बक्षीस’ मागे घेतो. सनदताईंचं बरोबर आहे.

वैखरी
मग वाक्य असं: ‘त्या काळी खेळाडूंना त्यांच्या खेळाचा मोबदला लपवून द्यावा लागे, कधी रोख, कधी गाडीच्या रूपात.’

तालमीतला
ताई, ‘द्यावा लागे’ने अडचण देणाऱ्याची वाटते. अडचण पोराची होती. ‘लपवून घ्यावा लागे’ करा.

वैखरी
केलं.