चाफेकळी नाक : कोणता चाफा, आणि कळीच का?

प्रश्न : स्त्रीच्या रूपवर्णनात ‘नाक चाफेकळी’ हमखास येते. एका सचित्र शब्दसंग्रहात या नोंदीशेजारी पांढऱ्या, पाच पाकळ्यांच्या चाफ्याची कळी काढली आहे. ते बरोबर आहे का? आणि ‘उमलत्या चाफ्यासारखे नाक’ असे लिहिले तर चालेल का?

उत्तर : दोन्ही नाही.

पांढरा, पाच पाकळ्यांचा तो खुरचाफा, म्हणजेच देवचाफा. तो मूळचा अमेरिका खंडातला, युरोपीय जहाजांबरोबर इकडे आला. त्याच्या कळ्या फांदीच्या टोकाला झुबक्याने येतात आणि प्रत्येक कळीला मळसूत्रासारखा पीळ असतो. कळी खुडली की देठातून चीक गळतो. पीळ पडलेल्या नाकाला कोणी सुंदर म्हणत नाही.

उपमेतला चाफा म्हणजे सोनचाफा, संस्कृतातला चंपक. त्याची कळी पानाच्या बेचक्यात एकेकटी येते, वरचे लवदार आवरण गळून पडले की पिवळसर, सरळ, बुडाशी किंचित भरलेली आणि टोकाकडे निमुळती होत जाणारी कळी दिसते. नाकाची तुलना नेमकी या रेषेशी आहे : सरळ, शेंड्याकडे बारीक, कुठेही खाच नाही. रंगाचा भाग दुय्यम. म्हणूनच बोटांनाही चाफेकळीची उपमा देतात, कारण तिथेही निमुळतेपणच सांगायचे असते.

उमलले की हे सगळे संपते. सोनचाफ्याच्या डझनाहून अधिक अरुंद पाकळ्या चहूबाजूंनी फाकतात. वास तेव्हा भरात असतो, पण आकार मोडलेला असतो. त्यामुळे फुललेला सोनचाफा गंधाला आणि कांतीला लावावा, नाकाला कळीच.

व्याकरणाची एक गोष्ट. चाफ्याची कळी ती चाफेकळी, हा षष्ठी तत्पुरुष. शब्द स्त्रीलिंगी, पण ‘नाक चाफेकळी’ म्हणताना ती नाकाची ओळख म्हणून येते, तिला लिंगवचनाप्रमाणे फिरवत नाहीत. ‘चाफेकळे नाक’ हे रूप काही ठिकाणी छापलेले दिसते, ते टाळावे.

पुरवणी : संस्कृत काव्यात नाकाला चाफ्यापेक्षा तिळाचे फूल जास्त मानाचे. तिळाचे फूल नळीसारखे, खाली झुकलेले, तोंडाशी रुंद होणारे. शेंडा आणि नाकपुड्या दोन्ही त्यात आल्या. जयदेवाच्या गीतगोविंदात, बाराव्या शतकातल्या या काव्याच्या दहाव्या सर्गात, राधेच्या एका चेहऱ्यावर पाच फुले मांडली आहेत : ओठ बंधूक म्हणजे तांबडी दुपारी, गाल मोहाचे फूल, डोळे निळे कमळ, नाक तिळाचे फूल, दात कुंद. निवड किती काटेकोर आहे पाहा. मोहाचे फूल फिकट, मांसल, फुगीर असते, त्याचा गालाशी संबंध नुसत्या रंगाचा नाही, भरीवपणाचा आहे. आणि ही पाच फुले म्हणजे मदनाचे पाच बाण, असा त्या श्लोकाचा रोख आहे. एरवी मदनाच्या बाणांची रूढ यादी वेगळी आहे : अरविंद, अशोक, आम्रमंजिरी, नवमल्लिका, नीलोत्पल. या दोन याद्या एकमेकींत मिसळू नयेत.

प्रतिप्रश्न : यादीत अरविंद आणि नीलोत्पल दोन्ही आहेत. दोन्ही कमळेच ना?

उत्तर : नाही, आणि मराठीत सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. अरविंद, पद्म म्हणजे खरे कमळ. त्याचे पान अखंड गोल, फूल पाण्याच्या वर उंच उठलेले, रंग गुलाबी किंवा पांढरा. या कमळात निळा रंग नसतोच. उत्पल, इंदीवर, कुमुद ही दुसऱ्या कुळातली : पान पाण्यावर टेकलेले, त्याला देठाच्या जागेपर्यंत चीर, पाकळ्या अरुंद आणि टोकदार. काळेभोर, लांबट डोळे सांगायचे असतील तर नीलोत्पल. ‘कमलनयना’त पाकळीचा विशाल आकार आहे. चेहऱ्याला, हातापायांना पद्म. वेळही पाळावी : पद्म सूर्याबरोबर उमलते, कुमुद चंद्राबरोबर. ‘चांदण्यात उमललेले कमळ’ ही नवकवितेत चालून जाणारी, पण जुन्या कविसंकेताला धरून नसलेली प्रतिमा आहे.

‘पद्मिनी’बद्दलही सांगतो. मूळ अर्थ कमळांचा वेल किंवा कमळांनी भरलेले तळे. स्त्रियांचा पद्मिनी, चित्रिणी, शंखिनी, हस्तिनी हा चौघींचा भेद कामसूत्रातला म्हणून सर्रास सांगतात. तो कोक्कोकाच्या रतिरहस्य या नंतरच्या कामशास्त्रग्रंथातला. कामसूत्रात मृगी, वडवा, हस्तिनी असे तीनच.

पुरवणी : अशोकाचेही असेच. रस्त्याकडेला लावतात तो लांब लोंबत्या पानांचा उंच अशोक हा खोटा अशोक. त्याची फुले हिरवट, पानांत हरवणारी. कवींचा अशोक म्हणजे सीतेचा अशोक, खोडाफांद्यांवर शेंदरी-लाल गुच्छ धरणारा. तरुणीने पैंजण घातलेला पाय मारला की तो फुलतो, हा संकेत. कालिदासाच्या मालविकाग्निमित्राचा तिसरा अंक यावरच बेतलेला आहे. बकुळ तिने मुखातली मद्याची चूळ टाकल्यावर, कुरबक आलिंगनाने, तिलक नजरेने, प्रियंगू स्पर्शाने, कर्णिकार तिच्या नाचाने. झाडाच्या या इच्छेला दोहद म्हणतात.

इथे मला मराठीचा फार अभिमान वाटतो. दोहदाचे प्राकृतात दोहल, डोहल झाले आणि तेच आपले डोहाळे. झाडाला फुलण्याआधी लागणारी आस आणि गर्भवतीची आस एकाच शब्दात आहे. म्हणून ‘अशोकाचे डोहाळे’ हा प्रयोग निर्धोक आहे, त्याला नवा शब्द शोधू नये.

सावधगिरी : फुले माळलेल्या स्त्रीला ‘पुष्पवती’ म्हटलेले अलीकडे वाचायला मिळते. पुष्पवती म्हणजे रजस्वला. ‘पुष्पिता’लाही स्त्रीविषयी तोच अर्थ आहे, वेलीला मात्र पुष्पिता बिनदिक्कत म्हणावे. फुलांच्या अलंकारांसाठी ‘पुष्पाभरणा’ किंवा ‘पुष्पमंडिता’ वापरावे. साध्या गद्यात ‘फुले माळलेली’ पुरते, आणि ते ऐकायलाही गोड लागते.

क्रियापदेही जपावीत : कळी उमलते, झाड फुलते किंवा बहरते, चेहरा खुलतो. ‘तिची कळी खुलली’ यात मात्र फूल उरलेले नाही, ती फक्त खूश झाली आहे. रूपवर्णनात हा वाक्प्रचार घातला की वाचक चाफेकळी विसरतो आणि मूड समजतो.