विषय: बाबांचा प्रिंटर रोज सगळं विसरतो

प्रेषक: खजिनदार

मंडळी, नमस्कार.
गणपतीच्या वर्गणीच्या मेलांमध्ये हा मेल घुसवतेय, माफ करा. मागच्या वेळी नाशिकला गेले तेव्हा बाबांच्या डेस्कटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही प्रणाली टाकून आले. प्रिंटरला ए4, ब्लॅक अँड व्हाइट, ड्राफ्ट असं सगळं लावलं की दिवसभर नीट चालतो. संगणक बंद करून चालू केला की पुन्हा रंगीत, आणि पानही भलतंच. लाइट गेली की तेच. बाबा नोट प्रेसमधून निवृत्त. "नाशिकरोडला 1928 पासून नोटा छापतायत, आणि माझ्या घरात सोसायटीची एक नोटीस धड छापून होत नाही," असं काल फोनवर ऐकवलं. यूएसबीची वायर बदलून झाली, ड्रायव्हर परत टाकून झाला. कुणाला काही सुचतंय?

प्रेषक: माजी अध्यक्ष

विंडोज टाका. विषय संपला.

प्रेषक: लिनक्सवाले काका

अध्यक्षसाहेब, विषय आत्ता कुठे सुरू झालाय.
अगं, वायरला बोल लावू नकोस. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, 'एलपीस्टॅट -व्ही' दे (टाइप रोमनमध्येच करायचं; आपल्या या मेल-यादीच्या देवनागरी नियमापुढे माझा इलाज नाही) आणि प्रिंटरच्या नावापुढे कसला पत्ता येतो ते सांग. आणि पान भलतंच म्हणजे नेमकं कसं?

प्रेषक: खजिनदार

काका, इथे अमेरिकेत रात्रीचे अकरा, तिकडे नाशिकला सकाळचे साडेआठ. बाबांचा चहा झालेला, त्यामुळे मूड बरा होता. पत्ता 'इम्प्लिसिटक्लास'ने सुरू होतो. पानाला बाबांनी स्टीलची पट्टी लावली. खाली नेहमीपेक्षा 18 मिलिमीटर जास्त कोरं. "साडेसतरा नाही, अठरा" असं कळवायला सांगितलंय.

प्रेषक: लिनक्सवाले काका

बाबांना माझा नमस्कार. अर्धं निदान त्यांनीच केलं. ए4 ची उंची 297 मिलिमीटर, अमेरिकेतल्या लेटर कागदाची 279. वजाबाकी कर. मिंट टाकताना तू सवयीने 'इंग्लिश, युनायटेड स्टेट्स' निवडलं असणार. कागदाचा मूळ आकार तिथूनच ठरतो.

आता विसरण्याचं. इम्प्लिसिटक्लास दिसतंय म्हणजे हा प्रिंटर कुणी हाताने नोंदवलेलाच नाही. 'कप्स-ब्राउज्ड' नावाची सेवा आहे. ती संगणक चालू झाला की प्रिंटर हुडकते, त्यांच्यासाठी छपाईची रांग उभी करते आणि बंद होताना मोडते. सेटिंग जपायचा प्रयत्न करते बिचारी, पण दरवेळी जमतंच असं नाही; लाइट गेली तर बघायलाच नको. वायरने जोडलेला नवा प्रिंटरही यातून सुटत नाही, कारण 'आयपीपी-यूएसबी' नावाची दुसरी सेवा त्याला नेटवर्कवरचा असल्यासारखा दाखवते. गोदाघाटावरचा बुधवारचा बाजार आठव. बाबा रोज दुकान नीट मांडतात, आणि संध्याकाळी पालच उठतं.

तेव्हा पक्कं दुकान बांधू. ब्राउझरमध्ये 'लोकलहोस्ट:631' उघड. 'ॲडमिनिस्ट्रेशन'मध्ये 'ॲड प्रिंटर'. पासवर्ड मागेल तो बाबांच्या लॉगिनचाच. यादीतून प्रिंटर निवड आणि नाव मात्र नवं दे, जुनंच दिलंस तर घोळ होईल. मग त्याच पानावर 'सेट डिफॉल्ट ऑप्शन्स'मध्ये ए4, ग्रे, ड्राफ्ट. हे सगळ्यात महत्त्वाचं: छापताना उघडणाऱ्या खिडकीत बदल करत बसू नका, ते बरेचदा तेवढ्यापुरतंच राहतं. शेवटी 'सेट ॲज सर्व्हर डिफॉल्ट'. नव्या नावाने एक पान छापून बघ आणि मगच टर्मिनलमध्ये 'सुडो सिस्टमसीटीएल डिसेबल --नाऊ कप्स-ब्राउज्ड' देऊन ती हुडकणारी सेवा बंद कर. घरात प्रिंटर एकच, त्यामुळे ती सेवा नसली तरी अडत नाही.
भाषेच्या सेटिंगमध्ये 'रीजन' भारत कर. लॉगआउट करून परत ये.

प्रेषक: खजिनदार

झालं! नाव 'नाशिक' ठेवलं. बाबांनी तीनदा रीस्टार्ट करून तिन्ही पानं मोजली. एकदा तर मुद्दाम मेन स्विच पाडला, आई ओरडली. पण आता विचारतायत की डाव्या आणि उजव्या मार्जिनमध्ये अर्ध्या मिलिमीटरचा फरक का?

प्रेषक: लिनक्सवाले काका

त्यात लिनक्सचा दोष नाही. ट्रेमधल्या दोन सरकत्या पट्ट्या कागदाला टेकवायला सांग.